हेपसिडिन, लोह आणि जुनाट हिपॅटायटिस बी-सी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सारखे येणारे प्रश्न एका जागी गोळा केलेत. खरं सांगायचं तर यातले अर्धे "फेरिटिन वाढलंय, आता लोह बंद करू का" याच एका प्रश्नाची वेगवेगळी रूपं आहेत, म्हणून उत्तर एकदाच लिहून बाकी ठिकाणी नंबर दिलाय. (फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रोटीन, रक्तात मोजतात, सविस्तर प्रश्न ७ मध्ये.) औषध सुरू-बंद करायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच, इथलं वाचून नाही.

१. हेपसिडिन म्हणजे काय? लिव्हरच्या रिपोर्टमध्ये तर हे नाव कधी दिसत नाही.

दिसत नाही कारण नेहमीच्या एलएफटीत, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीत, ते मोजतच नाहीत. लिव्हरच्या पेशी बनवतात असं एक छोटंसं हार्मोन आहे, जेमतेम २५ अमिनो ॲसिडची साखळी, आणि शरीरात लोह किती येऊ द्यायचं, साठ्यातलं किती बाहेर सोडायचं हे तेच ठरवतं. गंमत म्हणजे २०००-२००१ च्या सुमारास ते सापडलं तेव्हा शोधणाऱ्यांच्या डोक्यात लोह नव्हतंच, ते जंतू मारणारं प्रोटीन म्हणून त्याच्याकडे बघत होते, नावही त्यावरूनच पडलं, "हेप" म्हणजे लिव्हर आणि "सिडिन" म्हणजे मारणारं. मग भलत्याच अभ्यासासाठी तयार केलेल्या काही उंदरांच्या लिव्हरमध्ये लोह साठायला लागलं, शोधलं तर त्यांच्यात हेपसिडिनच बनत नव्हतं, आणि तिथून सगळं चित्र पालटलं.

२. ते लोह अडवतं म्हणजे नक्की काय करतं?

पेशीतून लोह बाहेर पडायला एकच दार आहे, त्याचं नाव फेरोपोर्टिन. हे दार आतड्याच्या पेशींवर असतं, लिव्हरच्या पेशींवर असतं आणि जुन्या लाल पेशी मोडून त्यातलं लोह परत मिळवणाऱ्या मॅक्रोफेज पेशींवर असतं. हेपसिडिन येऊन या दाराला चिकटतं, मग पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. कडी लावली असं नाही, दार काढून तिथे भिंत बांधली असं समजा. लोह आतल्या आत अडकतं, रक्तात कमी येतं.

हे इतकं महत्त्वाचं का, तर लोह बाहेर टाकायची शरीराकडे वेगळी सोयच नाही. अंगात एकूण ३-४ ग्रॅम लोह, अन्नातून रोज शोषलं जातं फक्त १-२ मिलिग्रॅम, आणि झडणाऱ्या पेशी, घाम, मासिक पाळी यातून साधारण तेवढंच जातं. नवीन रक्त बनवायला मात्र रोज २०-२५ मिलिग्रॅम लागतं, ते जवळजवळ सगळं जुन्या लाल पेशींमधून परत मिळवलेलं. म्हणजे येणाऱ्या लोहावरचा ताबा सुटला की ते साठतच जाणार, मोरीच नाही ना घराला.

३. हेपसिडिन कशाने वाढतं आणि कशाने कमी होतं?

वाढवणारी मुख्य कारणं दोन. एक म्हणजे लोहाचा साठा वाढणं, तेव्हा लिव्हरमधल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी बीएमपी-६ नावाचा निरोप सोडतात आणि शेजारच्या लिव्हरच्या पेशी हेपसिडिन वाढवतात. दुसरं म्हणजे इन्फेक्शन किंवा सूज, तेव्हा आयएल-६ हा निरोप जातो.

कमी करणारी कारणं: लोहाची कमतरता, ॲनिमिया, ऑक्सिजन कमी पडणं, आणि रक्त बनवायची घाई झालेला अस्थिमज्जा, तो एरिथ्रोफेरॉन नावाचं हार्मोन सोडून लिव्हरला सांगतो की दारं उघड. दारूनेही कमी होतं (प्रश्न १२), आणि हिपॅटायटिस सीनेही, ते पुढच्याच प्रश्नात.

४. हिपॅटायटिस सीत हेपसिडिन वाढतं की कमी होतं? मी दोन्ही वाचलंय आणि आता डोकं फिरलंय.

तुमचं चुकलेलं नाही, दोन्ही छापलेलं आहे. सीमध्ये सूज असते, मग वरच्या हिशोबाने हेपसिडिन वाढायला हवं. पण बहुतेक अभ्यासांत उलटं दिसतं, लोहाचा साठा जितका आहे त्या मानाने हेपसिडिन कमी पडतं. "त्या मानाने" हे दोन शब्द सोडून वाचलं की सगळा घोळ सुरू होतो.

असं बघा, दोन माणसांचं हेपसिडिन अगदी सारखंच आलं. एकाचं फेरिटिन ६०, दुसऱ्याचं ६००. पहिल्याचं ठीक आहे. दुसऱ्याची कोठी भरून वाहतेय तरी कोठीवाला आणखी पोती आत घेतोय, म्हणजे त्याचं हेपसिडिन आकड्याने नॉर्मल असलं तरी कामाने कमीच. म्हणून अभ्यास करणारे नुसता आकडा न बघता हेपसिडिन भागिले फेरिटिन असं गुणोत्तर बघतात, आणि जुनाट सीमध्ये हे गुणोत्तर कमी सापडतं.

मग उलटे निकाल कुठून आले? काही जुन्या अभ्यासांत हेपसिडिनऐवजी त्याचं कच्चं रूप, प्रोहेपसिडिन, मोजलं होतं, आणि ते लोहाच्या स्थितीबद्दल फारसं काही सांगत नाही. कुणी बायोप्सीच्या तुकड्यात जीन किती चालू आहे ते बघितलं, कुणी रक्तात बघितलं. कुणी सिरोसिसवाले (म्हणजे लिव्हर वणांनी कडक झालेले) आणि साधे पेशंट एकाच टोपलीत घातले. त्यात हेपसिडिन सकाळी कमी आणि दिवस चढेल तसं वाढतं, सॅम्पल कधी घेतलं यावरही फरक पडतो. त्यामुळे कुठलाही आकडा वाचलात की आधी विचारा, कशात मोजलं आणि कशाच्या तुलनेत.

५. पण व्हायरसला लोहाशी काय देणंघेणं? तो हेपसिडिन दाबतो कसा?

तो मुद्दाम ठरवून करतो असं नाही. सीचा व्हायरस लिव्हरच्या पेशीत राहून तिथे ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतो, म्हणजे पेशीत त्रासदायक ऑक्सिजनवाले रेणू जास्त तयार होतात. हेपसिडिनचं जीन चालू ठेवायला सी/ईबीपी-अल्फा नावाचं प्रोटीन त्याच्यावर बसावं लागतं, या ताणामुळे ते नीट बसत नाही, शिवाय जीनभोवतीचं डीएनएचं गुंडाळणं घट्ट होतं आणि जीन झाकल्यासारखं होतं. झालं, हेपसिडिन कमी, दारं उघडी.

पुढचं जास्त वाईट आहे. रक्तात लोह वाढलं की त्याला वाहून नेणारं ट्रान्सफेरिन भरत जातं, उरलेलं मोकळं लोह लिव्हरच्याच पेशी ओढून घेतात. आत गेलेलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून आणखी घातक रेणू तयार करतं, म्हणजे ताण आणखी वाढला, ज्या ताणाने हेपसिडिन दाबलं होतं तोच. हे चक्र वर्षानुवर्षं चालू राहिलं तर फायब्रोसिसला, म्हणजे लिव्हरमध्ये वण पडण्याला, आणि पुढे लिव्हर कॅन्सरच्या धोक्याला हातभार लागतो. हातभार म्हणतोय, एकटं लोह गुन्हेगार नाही, मुख्य आरोपी व्हायरसच.

६. मला सी नाही, बी आहे. माझ्यातही असंच होतं का?

बीचं चित्र इतकं स्वच्छ नाही. सिरोसिस नसलेल्या जुनाट बीमध्ये हेपसिडिन कुठे नॉर्मल, कुठे थोडं जास्त, कुठे थोडं कमी असं आलंय, आणि सीमध्ये जसा व्हायरस स्वतःच जीन दाबताना दिसतो तसा ठाम पुरावा बीमध्ये नाही. लिव्हर खराब होत सिरोसिसकडे गेलं की मात्र बीमध्येही हेपसिडिन खाली येतं, त्याचं कारण प्रश्न १४ मध्ये. सीबद्दल वाचलेलं जसंच्या तसं बीला लावू नका, ही चूक फार जण करतात.

७. फेरिटिन ८०० आलंय! लिव्हरमध्ये लोह साठलं का?

असेल किंवा नसेल, नुसत्या फेरिटिनवरून सांगता येत नाही. फेरिटिन म्हणजे पेशीच्या आतला लोह साठवायचा डबा. साठा वाढला की ते वाढतं हे खरं, पण सूज असली तरी वाढतं, आणि लिव्हरच्या पेशी फुटल्या की आतले डबे रक्तात सांडतात तेव्हाही वाढतं. हिपॅटायटिसमध्ये शेवटच्या दोन्ही गोष्टी चालूच असतात. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं असताना काढलेलं फेरिटिन तर जवळजवळ बाजूलाच ठेवा, सूज उतरल्यावर परत काढा.

फेरिटिनसोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघायचं, म्हणजे लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन किती टक्के भरलंय ते (पुढचा प्रश्न). दोन्ही वाढलेले असतील आणि खात्री हवी असेल तर लिव्हरमधलं लोह मोजणारा खास एमआरआय असतो, सुई न टोचता अंदाज येतो. साध्या सोनोग्राफीत लोह दिसत नाही, आणि फायब्रोस्कॅन कडकपणा मोजतं, लोह नाही.

८. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन किती असावं?

साधारण २० ते ४५ टक्के. ४५ च्या वर सारखं येत असेल तर लोह जास्त असण्याची शंका घ्यायची, २० च्या खाली असेल तर रक्ताला लोह पुरत नाहीये. पण ट्रान्सफेरिन लिव्हरच बनवतं, सिरोसिसमध्ये ते कमी बनतं आणि मग थोडंसं लोह असलं तरी टक्केवारी फुगते. म्हणजे सिरोसिसमध्ये ६० टक्के आलं म्हणून लगेच लोहाचे ढिगारे साठलेत असं नाही.

९. हेपसिडिनची टेस्ट करून घेऊ का? सकाळी उपाशीपोटी द्यायची का?

माझं मत विचाराल तर बहुतेकांनी पैसे वाचवावेत. टेस्ट अस्तित्वात आहे, एलायझाने करतात किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीने, पण दोन लॅबचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, सगळ्या लॅबना एका मापात आणायचं काम अजून चालू आहे. त्यामुळे "नॉर्मल रेंज किती" याचं एकच उत्तर नाही, ज्या लॅबने मोजलं त्यांचीच रेंज बघायची. शिवाय निकाल काहीही आला तरी हिपॅटायटिसची ट्रीटमेंट त्यावरून बदलत नाही.

तरीही कुणी अभ्यासासाठी किंवा वेगळ्या कारणाने सांगितलीच तर दर वेळी एकाच वेळेला द्या, शक्यतो सकाळी, आणि आयर्नची गोळी घेत असाल तर ते आधी सांगा, कारण एका गोळीनेही हेपसिडिन दिवसभर चढलेलं राहू शकतं. सर्दी-ताप चालू असताना देऊ नका.

१०. मग जेवणातलं लोह बंद करायचं का?

नाही. रोज शोषलं जाणारं लोहच १-२ मिलिग्रॅम (प्रश्न २), त्यात कपात करून साठा फारसा हलत नाही, आणि त्या नादात प्रोटीन कमी पडलं तर आजारी लिव्हरच्या माणसाचं नुकसान जास्त. सिरोसिसमध्ये अंगावरचं मांस झडणं हा मोठा प्रश्न आहे, तिथे खाण्यावर उगाच बंधनं घालणं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

बंद करायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. गरज सिद्ध न होता स्वतःच्या मनाने सुरू केलेल्या आयर्नच्या गोळ्या, टॉनिकं, लोह घातलेल्या मल्टिव्हिटॅमिन. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या, कारण त्याने लोह जास्त शोषलं जातं (फळं खुशाल खा). आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, कच्चे शिंपले किंवा कच्चं समुद्री खाणं. त्यात व्हिब्रियो व्हल्निफिकस नावाचा जंतू असू शकतो, त्याला लोह फार मानवतं, आणि लिव्हरचा आजार असलेल्यांना त्याचं इन्फेक्शन जिवावर बेतू शकतं. शिजवून खाल्लं तर तो मरतो.

११. माझं हिमोग्लोबिन ९ आहे आणि फेरिटिन जास्त. आयर्नची गोळी घ्यायची की नाही? एक डॉक्टर हो म्हणतात, दुसरे नाही.

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण आधी रक्त का कमी आहे ते शोधायला हवं. लिव्हरच्या आजारात रक्त कमी व्हायला बऱ्याच वाटा आहेत: अन्ननलिकेतल्या किंवा पोटातल्या फुगलेल्या शिरांमधून रक्तस्राव, कधी इतका थोडा थोडा की कळतही नाही, फक्त शौचाला काळं होतं. वाढलेली पाणथरी पेशी अडकवून मोडते. फोलेटची कमतरता, दारूचा अस्थिमज्जेवरचा परिणाम. सुजेमुळे हेपसिडिन वाढून लोह कोठीत अडकणं, हेही काही जणांत होतं.

रक्तस्राव असेल तर फेरिटिन वरवर ठीक दिसत असूनही लोह खरंच कमी असू शकतं, कारण सुजेने फेरिटिन फुगवलेलं असतं. म्हणून सूज असलेल्या माणसात फेरिटिन १०० च्या खाली किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर कमतरतेचा विचार करतात. अशा वेळी "हिपॅटायटिस आहे ना, मग लोह नको" म्हणून गोळी नाकारणं चूकच. उलट सॅच्युरेशन ५० आणि हिमोग्लोबिन ९ असेल तर लोहाने काही होणार नाही, कारण वेगळं शोधा. काळं शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर हे वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

१२. आठवड्यातून एखादवेळी दारू चालेल का?

नाही चालणार. दारू स्वतःच हेपसिडिन दाबते आणि रस्ताही जवळपास तोच, ऑक्सिडेटिव्ह ताण आणि तेच सी/ईबीपी-अल्फा. म्हणजे व्हायरसने जे दार अर्धं उघडलंय ते दारू पूर्ण उघडते.

१३. सीचा व्हायरस गेला की हेपसिडिन सुधारतं का?

हो, आणि या सगळ्या पानावरची ही सगळ्यात चांगली बातमी. व्हायरस गेला की हेपसिडिन वर येतं, फेरिटिन हळूहळू खाली येतं, वर सांगितलेलं चक्र मोडतं. आताच्या गोळ्यांनी, म्हणजे सोफोसबुव्हिरसारख्या थेट व्हायरसवर चालणाऱ्या औषधांनी, साधारण ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून जास्त लोकांचा सी बरा होतो. त्यामुळे सीचं निदान झालंय आणि आधी लोह कमी करू मग गोळ्या बघू असा कुणी सल्ला देत असेल तर तो उलटा आहे, ब्रेक का लागत नाही ते सोडून टायर बदलत बसल्यासारखं.

बीची गोष्ट वेगळी. टेनोफोव्हिर, एन्टेकॅव्हिर व्हायरस दाबून ठेवतात, बहुतेकांत पूर्ण घालवत नाहीत, गोळ्या लांबपर्यंत चालतात. त्यांनी सूज उतरते तसं फेरिटिनही उतरायला लागतं.

व्हायरस जाऊन वर्ष झालं तरी फेरिटिन वरच असेल तर फॅटी लिव्हर, दारू, शुगर-वजन, किंवा प्रश्न १६ मधली जेनेटिक भानगड बघायला हवी.

१४. सिरोसिस झालाय. आता हेपसिडिनचं काय?

कारखानाच मोडकळीला आलाय, मग माल कुठून येणार. हेपसिडिन लिव्हरच्या पेशी बनवतात, त्या कमी झाल्या की ते कमी, मग व्हायरस कुठलाही असो. त्यामुळे व्हायरस गेल्यावरही सिरोसिसवाल्यांचं हेपसिडिन बाकीच्यांइतकं वर येईल अशी आशा धरू नये. व्हायरस घालवायचाच, पण कॅन्सरसाठी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची, फेरिटिन सुंदर आलं तरी.

१५. रक्त काढून लोह कमी करतात म्हणे. मी पण रक्तदान करून टाकू?

रक्तदान अजिबात नाही, बी-सी असताना रक्त देता येत नाही, ते रक्त दुसऱ्याच्या अंगात जाणार. रक्त काढून टाकायची ट्रीटमेंट वेगळी, तिला फ्लेबोटॉमी म्हणतात, साधारण ४५०-५०० मिली एका वेळी, त्यात २००-२५० मिलिग्रॅम लोह जातं. सीवर चांगली औषधं नव्हती त्या काळात, विशेषतः जपानमध्ये, हे बरंच वापरलं गेलं, एसजीपीटी उतरायचं, व्हायरस मात्र तिथेच. आता फक्त सीसाठी याची गरज सहसा पडत नाही. हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे अंगात लोह साठत जाण्याचा जेनेटिक आजार (प्रश्न १६), सोबत असेल तर गोष्ट वेगळी.

१६. हिमोक्रोमॅटोसिस आणि हिपॅटायटिस दोन्ही असू शकतात का? ओळखायचं कसं?

असू शकतात. जेनेटिक हिमोक्रोमॅटोसिस हा मुळातच हेपसिडिन कमी पडण्याचा आजार, सगळ्यात माहितीतला प्रकार एचएफई जीनमधल्या सी२८२वाय बदलाच्या दोन प्रती असल्यावर होतो, आणि तो मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. इतर लोकांत दुसऱ्या जीन्समुळे होतो पण क्वचित. सॅच्युरेशन परत परत ४५ च्या वर, सिरोसिस नसताना, किंवा घरात कुणाला असा आजार, तर टेस्टचा विषय डॉक्टरांकडे काढा. नुसतं फेरिटिन वाढलंय म्हणून जीन टेस्ट करायला धावू नका.

१७. डायलिसिसवर आहे, सी पण आहे. माझं हेपसिडिन खूप जास्त आलं, मग वरचं सगळं खोटं का?

खोटं नाही, तुम्ही अपवादात बसता. हेपसिडिन किडनीतून बाहेर जातं, किडनी बंद पडली की ते रक्तात साचतं, वर डायलिसिसची सूज. त्यापुढे सीने हेपसिडिन दाबलंय हे झाकलं जातं. सलाईनमधून लोह द्यायचं की नाही हे तिथे फेरिटिन-सॅच्युरेशनवर ठरतं आणि ते तुमच्या किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१८. थॅलेसेमिया आहे, लहानपणी रक्त चढवताना सी झाला. लोह कशामुळे वाढलं, रक्तामुळे की व्हायरसमुळे?

सगळ्यात मोठा वाटा चढवलेल्या रक्ताचा, प्रत्येक पिशवीत २००-२५० मिलिग्रॅम लोह. त्यात थॅलेसेमियाचा अस्थिमज्जा एरिथ्रोफेरॉन सोडून हेपसिडिन दाबतो (प्रश्न ३), म्हणजे अन्नातलंही जास्त शोषलं जातं. सी तिसरा. इथे लोह काढायची औषधं चालूच ठेवायची आणि सीचा इलाजही करायचा, एकाने दुसरं भागत नाही. जुन्या ट्रीटमेंटमधलं रिबाव्हिरिन लाल पेशी फोडायचं, म्हणून थॅलेसेमियावाल्यांना ते फार जड जायचं, आताच्या बहुतेक कोर्समध्ये ते लागत नाही.

१९. जुन्या फाईलमध्ये इंटरफेरॉन सुरू केल्यावर लगेच लोह खाली आलेलं दिसतंय. मशीनची चूक असेल का?

बहुधा नाही. इंटरफेरॉन, म्हणजे सीवरचं जुनं इंजेक्शन, स्वतःच हेपसिडिन वाढवतं, पहिल्या इंजेक्शननंतर २४ तासांतच हेपसिडिन वर आणि रक्तातलं लोह खाली असं दिसतं. व्हायरस जायच्या आधीच होतं ते, त्यामुळे त्यावरून "बरा झालो" असा अर्थ काढता येत नाही.

२०. एचआयव्ही पण सोबत असेल तर?

दोघं उलट दिशेला ओढतात. २०१४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात एचआयव्हीची लागण झाल्यावर सुरुवातीलाच हेपसिडिन वाढलेलं दिसलं, बी आणि सीच्या नव्या लागणीत तसं दिसलं नाही. म्हणून दोन्ही असलेल्या माणसाचं हेपसिडिन एकट्या सीवाल्याच्या आकड्यांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

२१. गरोदर आहे, बी पॉझिटिव्ह आहे. आयर्नच्या गोळ्या घेऊ ना?

घ्या, डॉक्टरांनी दिल्या असतील तर. गरोदरपणात पुढच्या महिन्यांत हेपसिडिन आपोआपच खूप खाली जातं, बाळाला लोह पुरावं म्हणून शरीर मुद्दाम दारं उघडतं. हा आजार नाही. बीमुळे गोळ्या बंद करायचं कारण नाही. त्यापेक्षा व्हायरल लोड (रक्तातला व्हायरस) किती आहे आणि बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत बीची लस मिळणार आहे का याची विचारपूस आतापासून करून ठेवा.

२२. बाहेरून हेपसिडिनच का देत नाहीत, इन्सुलिनसारखं?

कल्पना बरोबर आहे आणि त्यावर काम चालू आहे, हेपसिडिनसारखं वागणारी औषधं बनवलीत, त्यातलं रसफर्टाइड हे लाल पेशी बेसुमार वाढणाऱ्या पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात तपासलं गेलंय. हिपॅटायटिससाठी असं औषध वापरात नाही. सीमध्ये तर त्याची वाट बघायचं कारणच उरलेलं नाही, तीन महिन्यांच्या गोळ्यांत व्हायरस जातो आणि लिव्हर स्वतःचं हेपसिडिन स्वतः बनवायला लागतं.